रेघेपासून दोन सूत

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, देवापुढे नमस्कार करायचे तेव्हा त्यांचे दोन पंजे एकमेकांना नीट मिळायचे नाहीत. डावा हात मनगटात वाकतच नसे. तरुणपणी ते बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवायचे. एकदा ऐन घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावेवर, घोडी अडखळली, तात्या तिच्या डोक्यावरून पुढे जाऊन पडले आणि मनगट मोडलं. गावातल्या हाडवैद्यानं ते बसवलं. "असं बसवलं की परत उठायचं नावच न्हाई," असं तात्या हसून सांगायचे. त्या हातानं ते वजन उचलत, धार काढत, खुरपं धरत. फक्त पंजा मागे वळवायची वेळ आली की संपलं. आम्हा पोरींना तो हात तसाच माहीत होता. घराचं एक दार थोडं घासतं, तसं ते.

आमचं घर महाळुंगे पडवळला, गावठाणापासून जरा लांब मळ्यात. सकाळी जाग यायची ती दुधाच्या कॅनची झाकणं आपटण्याच्या आवाजानं. आई चुलीपुढे बसून बाजरीच्या भाकरी थापायची, आणि तात्या गाडीला किक मारायचे. ती एकदा लागायची नाही, दोनदा लागायची नाही, मग धुराचा एक लोट सोडून फटफटायला लागायची. आई पदर नाकाला लावून म्हणायची, "आदी माझा सैपाक धुपवा, मग गावाचं दूद घाला." लाल टाकीची, कुणाच्या तरी हातून आलेली जुनी गाडी. टेकडीवर धनगरांची चार घरं होती. मागच्या पिढीपर्यंत मेंढरं राखणारी माणसं, आता म्हशी बाळगून होती. त्यांचं आणि आमचं दूध तात्या मंचरला रतिबाला घालायचे. टेकडीवरून खाली येणारी वाट म्हणजे नुसता खडक. तिथं तात्या बसून गाडी चालवत नसत. दोन्ही पायांवर उभे राहायचे, गुडघ्यांनी टाकी धरायचे आणि मागे दोन भरलेले कॅन घेऊन दगडांवरून सावकाश उतरायचे, पाय न टेकता. पाय टेकला की गाडी कलते, गाडी कलली की दूध हिंदकळतं, आणि उन्हाळ्यात हिंदकळलेल्या दुधावर मंचरला पोचेपर्यंत लोण्याचे कण तरंगायला लागतात. मग गिऱ्हाईक पातेल्यात बघून नाक मुरडतं. तात्यांच्या दुधावर लोणी कधी दिसलं नाही. "तात्याचा पाय उताराला टेकत न्हाई," असं गावात म्हणत, आणि ते कानावर पडलं की तात्या मिशीतल्या मिशीत हसत.

हे सगळं जमत होतं ते हँडलच्या एका कोनामुळे. गाडी घेतल्यावर पहिले दोन महिने तात्यांना ती नीट चालवताच येईना, कारण क्लच डाव्या हाताला आणि डावा हात असा. मग मंचरला स्टँडमागच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. मला चपला घ्यायच्या होत्या म्हणून मीही गेले होते. मी तेव्हा शाळेत होते. भेळेचा पुडा हातात घेऊन मी एका टायरवर बसून बघत होते. हँडल दोन पट्ट्यांत धरलेलं असतं, पट्ट्यांना चार नट. ते ढिले केले की हँडल पुढे ढकलता येतं, मागे ओढता येतं. मिस्त्री ते केसभर हलवायचा आणि म्हणायचा, "बसा तात्या. आता उभं ऱ्हावा. क्लच दाबा. दुखतंय?" तात्या म्हणायचे, "किंचित." पुन्हा नट ढिले. असं अख्खी सकाळ चाललं. माझी भेळ संपली, पुडाही चाटून झाला. शेवटी हँडल बरंच पुढे गेल्यावर तात्या गाडीवर उभे राहिले, क्लच दाबला, सोडला, परत दाबला, आणि त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की मिस्त्रीनं काही न विचारता नट आवळले. मग करवतीच्या पात्यानं पट्टीवर आणि हँडलवर मिळून एक बारीक रेघ ओढली, म्हणजे कधी हँडल हललंच तर रेघेला रेघ जुळवायची. घरी आल्यावर तात्यांनी आईला आणि आम्हा दोघी बहिणींना ती रेघ दाखवली. "हिला कुणी हात लावायचा न्हाई. ही रेघ हाय तवर माझा हात हाय."

मोठी बहीण लग्न होऊन बोरी बुद्रुकला गेली, आणि बारावीत इंग्रजीनं मला पाडलं. आता नंबर माझा, हे घरात कुणी बोललं नाही तरी भाकरी वाढतानाही आईच्या डोळ्यांत दिसायचं. त्या वर्षी मी गाडी शिकले. तात्यांनीच शिकवली. दुपारी जेवून ते आडवे व्हायचे, आणि मी घरामागच्या पडीक रानात गाडी घेऊन गोल गोल फिरायचे. आईला आवडायचं नाही. "पोरीच्या जातीनं फटफटी उडवायची, उद्या पावणं आलं तर काय सांगायचं?" तात्या डोळे न उघडता म्हणायचे, "सांगायचं, पोरगी लई गुणाची हाय, गाडीबी चालवती." खोटं कशाला बोलू, त्या रानात मला जे सुख मिळालं ते पुढे कशातच मिळालं नाही. लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही. मी शेताच्या ताली, म्हणजे उंच बांध, चढायचे, दगडांवरून गाडी न्यायचे, तात्यांसारखी उभी राहायला बघायचे. पण मी बुटकी आणि माझे हात आखूड. तात्यांसाठी पुढे लोटलेलं हँडल माझ्या हाताला पुरायचंच नाही. उभी राहिले की मी हँडलला लोंबायचे आणि गाडी जिकडे नको तिकडे जायची.

सीटखाली पाना होता. चार नट ढिले करायचे, हँडल स्वतःकडे ओढायचं, हुंदडून झालं की परत रेघेला रेघ जुळवून आवळायचं. महिनाभर मी हे इमानानं केलं. पण रोज दोनदा चार नट म्हणजे काही खेळ नाही, आणि नटांच्या कडाही झिजायला लागल्या होत्या. एक दिवस मनात आलं, अर्धं सूत माझ्याकडे राहिलं तर तात्यांना काय कळणार आहे? सूत हे सुतारा-मिस्त्रींचं माप. एक इंचात आठ सुतं, म्हणजे अर्धं सूत म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतकंही नाही. मी ते तसंच ठेवलं. तात्यांना कळलं नाही. पंधरा दिवसांनी आणखी अर्धं. रेघेला रेघ जुळत नव्हती, म्हणून मी तिच्यात ग्रीस भरलं आणि वरून माती चोळली. दोन सुतं झाली तेव्हा हँडल माझ्या हाताला अगदी बेतानं बसलं, आणि मी पाना सीटखाली ठेवला तो ठेवलाच. दोन सुतं ऐकायला काहीच नाहीत. पण हँडलसारख्या बारक्या नळीवर दोन सुतं फिरली की मुठी चांगल्या खाली आणि मागे येतात. आज मला लोक विचारतात, इतकं धाडस तुमच्यात कुठून आलं? मी म्हणते, अर्ध्या अर्ध्या सुतानं. त्यांना तो विनय वाटतो.

तात्या हात झटकायला लागले. आधी नुसते गाडीवरून उतरल्यावर, मग जेवताना, मग झोपेतही. आई मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायची, तेल चोळायची. डाव्या हाताची बोटं सकाळी सुजलेली असत. मंचरच्या डॉक्टरांनी फार पूर्वी सांगून ठेवलं होतं की वय झालं की हे मनगट त्रास देणार. मग तेच आलं म्हणायचं, दुसरं काय. "घोडी काय मला सोडीत न्हाई," तात्या म्हणायचे. त्यांनी गाडी मिस्त्रीकडे नेली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण दुखत होता हात, गाडी नव्हे, मग मिस्त्रीकडे कोण जाईल? रेघेवर त्यांचा इतका भरवसा होता की तिच्याकडे त्यांनी कधी बघितलंच नाही. आणि मला तरी तेव्हा कळत होतं का? सुरुवातीला नाही, हे देवाशपथ सांगते. हँडल आणि सुजलेली बोटं यांची सांगड माझ्या डोक्यात बसली नव्हती. की बसवून घ्यायची नव्हती, ते आता इतक्या वर्षांनी मलाच नक्की सांगता येत नाही.

मग एका सकाळी तात्या गाडी ढकलत घरी आले. एका पायावर मांडीपासून टाचेपर्यंत दूध वाळलेलं, कॅनला पोचा आलेला. उतारावर क्लच वेळेवर दाबला गेला नाही, त्यांनी पाय टेकला, गाडी कलली आणि एक कॅन खडकावर रिकामा झाला. धनगरांची कुत्री दूध चाटत होती आणि तात्या शेजारी उभे राहून बघत होते, हे नंतर टेकडीवरच्या बाईनं आईला सांगितलं. तात्या ओसरीवर बसले, डावा हात मांडीवर ठेवला, परक्याची वस्तू ठेवावी तसा. "हात गेला," म्हणाले. "आज पाय टेकला माझा."

त्या क्षणी मला सगळं कळलं. पाय टेकला म्हटल्याबरोबर मला मिस्त्रीकडची ती सकाळ आठवली, "दुखतंय?" "किंचित." मी उंबऱ्यात उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, तात्या, हँडल मी हलवलंय. फार तर दोन थोबाडीत बसल्या असत्या. त्याही नसत्या बसल्या, तात्यांनी आम्हाला कधी मारलं नाही. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "आवं, मग रतिबाचं काय? गाडी इकायची का?" आणि तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "इकायची कशाला? सुरेखा हाय की. उद्या मी मागं बसतो, चालीव तू." मी तोंड मिटलं. दोन दिवसांनी सांगू, मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उतारावर तात्या माझ्या मागे, त्यांच्या मागे कॅन. माझ्या खांद्यावर त्यांचा उजवा हात. "उभी ऱ्हा. टाकी गुडघ्यानं धर. हँडलला लोंबू नगंस, निस्ता हात ठिव. ती जाती तिकडं जाऊंदे, दगूड तुझ्या आदी गाडीला दिसतो." हँडल माझ्या हाताच्या मापाचं होतं. पाय एकदाही टेकला नाही. खाली आल्यावर तात्यांनी माझ्या पाठीत एक थाप मारली आणि म्हणाले, "माझ्यापक्षी बरी आणलीस." इतकी खूश आणि इतकी ओशाळी मी एकाच वेळी पुन्हा कधी झाले नाही. आठवड्यानं मी एकटी जायला लागले. मंचरच्या बायका दूध घेताना आधी माझ्याकडे बघायच्या, मग पातेल्याकडे. हायवेवर ट्रकवाले मान वळवून बघायचे. उसातनं वाघ, म्हणजे बिबट्या, निघतो म्हणून आई रोज काळजी करायची, तरी माझ्या डब्यात साय जास्त घालायला लागली. आणि मला बघायला पाहुणे येणार होते ते आलेच नाहीत, कारण आता घर माझ्यावर चाललं होतं.

पेपरात फोटो आला. मग गावात सत्कार झाला. शाल, नारळ, आणि एका पुढाऱ्याचं भाषण: बापाचा हात गेला, पण लेक बापाचा हात झाली. टाळ्या पडल्या. तात्या पहिल्या रांगेत बसून रडत होते. घरी आईनं मासवड्या केल्या होत्या. तात्यांनी त्यांच्या ताटातली एक उचलून माझ्या ताटात टाकली, उजव्या हातानं. मी ती ताटाच्या कडेला सारून ठेवली. बापाचा हात झालेल्या लेकीच्या त्या गोष्टीनं पुढे मला काय काय दिलं! दूध संस्थेत निवडून आले तेव्हा तीच गोष्ट, महिला दिनाला तीच गोष्ट. परवाही एका शाळेत बाईंनी मुलींना तीच सांगितली आणि मुली माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होत्या.

सत्कार झाला त्याच वर्षी दसऱ्याला मी विहिरीवर गाडी धुवायला काढली. खंडेनवमीला विळे-कोयत्यांची पूजा, दसऱ्याला गाडीची. सोडा घालून घासलं तसं ग्रीस निघालं आणि रेघ वर आली. पट्टीवरचा अर्धा भाग एकीकडे, हँडलवरचा अर्धा दुसरीकडे. मी ओले हात पुसले. मग पाना काढला आणि रेघेला रेघ जुळवली. सांगायची हिंमत नव्हती, निदान केलेलं निस्तरावं, एवढंच मनात होतं. आखूड हातांनी चालवीन मी, होईल सवय.

तात्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. मग म्हणाले, "देवळापातुर मीच नेतो, सणाचं." आई नको नको म्हणत असताना ते बसले. हात हँडलवर ठेवला. क्लच दाबला. थांबले. परत दाबला. मिस्त्रीकडे झाला होता तसा त्यांचा चेहरा मोकळा झाला. गाडी अंगणातनं निघाली, देवळाला वळसा घालून आली, येताना घरापाशी ओबडधोबड दगड आहेत त्यांवरून ते उभे राहून आले, पाय न टेकता. खाली उतरले ते लहान पोरासारखे हसत. "आगं, दुखतच न्हाई! लोण्यासारखा दाबतोय क्लच!" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच डावा. "तू गाडी चालीवलीस म्हणून ह्याला इसावा भेटला, बाय. तुझ्यामुळं हात परत आला माझा." आई डोळे पुसत पुरणपोळी वाढायला गेली. आणि तात्या जेवता जेवता म्हणाले, "उद्यापास्नं मी जातो उताराला. लई राबलीस. आता तुझ्या लग्नाचं बघाया मोकळा झालो. बोरीच्या पावण्यांनी एक स्थळ सांगितलंय, बागायती हाय."

आत्तापर्यंत जे लिहिलं ती चूक होती. पोरवय, हौस, भित्रेपणा, काय म्हणाल ते. पण त्या संध्याकाळी आई दिवा लावत होती, तात्या आपट्याची पानं वाटायला गावात गेले होते, आणि मी पाना घेऊन गोठ्याशेजारी गाडीपाशी गेले. त्या वेळी मला सगळं ठाऊक होतं. कोणत्या सुताला बोटं सुजतात, कोणत्या सुताला झोप जाते. मी चार नट ढिले केले, हँडल दोन सुतं स्वतःकडे ओढलं, आवळलं. हार मध्ये येत होता, तो हलकेच बाजूला धरला. रेघेत ग्रीस भरलं, माती चोळली. घरात येऊन हात धुतले आणि आईला भाकरी थापू लागले. लग्नाला मी घाबरले नव्हते. मला ती वाट सोडायची नव्हती, एवढंच. ती वाट आणि तात्यांचा हात, दोन्हींतलं एक ठेवायचं होतं, आणि मी वाट ठेवली.

सकाळी तात्या आंघोळ करून, कानाला फडकं बांधून तयार. कॅन बांधले. गाडीवर बसले, क्लच दाबला. मी झाकणं पुसत होते, पुसलेलीच परत पुसत होते. त्यांनी परत दाबला. मनगट हलवून, कोपर वर करून, पुढे सरकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली उतरले.

"न्हाई गं," म्हणाले. "कालचं सणाचं व्हतं. देवानं येक दिस दिला."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी गाडीवर बसले. झेंडूचा हार अजून हँडलवर होता, कोमेजलेला. "थांब," ते म्हणाले, "उताराला हातात येईल तुझ्या." आणि ते हाराची गाठ सोडायला लागले. डाव्या हाताकडून जमेना, म्हणून उजव्या हातानं आणि दातानं, माझ्या हँडलवर वाकून, त्या रेघेपासून चार बोटांवर तोंड नेऊन. गाठ सुटल्यावर हार त्यांनी खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "जा आता. दूद तापंल."

मी किक मारली.